दू फूच्या कवितेतील खड्गनृत्य
चीनमधील तांग काळातील श्रेष्ठ कवी दू फू (इ. स. ७१२-७७०) याने बालपणी गोंगसुन या विख्यात नर्तकीचे खड्गनृत्य पाहिले होते. इ. स. ७६७ मध्ये तिच्या शिष्येचे नृत्य पाहून त्याने त्यावर कविता रचली. नर्तकीच्या हालचालींचे तपशील तो देत नाही; कोसळणारे सूर्य, ओसरणारी मेघगर्जना आणि अखेरीस शांत जलाशयावर स्थिरावलेला प्रकाश या प्रतिमांतून नृत्याची गती व विराम साकारतो. सुलेखनकार चांग शू याच्या अक्षरांनाही या नृत्यातून ओघ लाभल्याचे तो प्रस्तावनेत नोंदवतो. दोन्ही नृत्यांच्या मधल्या काळात, इ. स. ७५५ मध्ये उसळलेल्या आन लुशानच्या बंडाने साम्राज्य खिळखिळे झाले होते. त्यामुळे शिष्येच्या पदन्यासात कवीला लयाला गेलेले वैभवच दिसते.