अत्यल्प व्याजदर आणि बँकांचे स्थैर्य

धोरणात्मक व्याजदर दीर्घकाळ फार खाली राहिल्यास बँकांच्या नफ्यावर व टिकाऊपणावर होणारा परिणाम.

स्वरूप : कर्जावर मिळणारे आणि ठेवींवर द्यावे लागणारे व्याज यांतील फरक हा बँकेच्या नफ्याचा मुख्य आधार. दर उतरले की कर्जाचे व्याज घटते. ठेवीचे व्याज मात्र एका मर्यादेपलीकडे कमी करता येत नाही, कारण ठेवीदार पैसे काढून नेतो. सुरुवातीला जुन्या रोख्यांची किंमत वाढून बँकेला लाभ होतो, कर्जदारांचे हप्तेही हलके होतात. पुढे नफा आटला की चढ्या व्याजाच्या मोहाने जोखमीची कर्जे दिली जातात. जपानने १९९९ मध्ये शून्य आणि २०१६ मध्ये उणे दर आणला. युरोपीय मध्यवर्ती बँकेचा ठेवदर २०१४ ते २०२२ उणे होता. भारतात मे २०२० ते मे २०२२ या काळात रेपो दर ४ टक्के होता.

धाराशिव जिल्हा : येथील पीककर्जाचा दर बाजारापेक्षा शासनाच्या सवलतीने ठरतो. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे वेळेत फेड करणाऱ्या शेतकऱ्याला २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्क्याने पडते. व्याजाचा भार केंद्र व राज्य शासन उचलतात. म्हणजे शेतकऱ्याला व्याज नसले तरी बँकेला ते मिळते. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला खरा फटका बसला तो थकबाकीचा. ढोकीचा तेरणा आणि नळदुर्गचा तुळजाभवानी या दीर्घकाळ बंद राहिलेल्या सहकारी साखर कारखान्यांत तिची मोठी रक्कम अडकली.

उदाहरणादाखल, १०० रुपयांच्या कर्जावर ८ रुपये व्याज, ठेवींवर ४ रुपये आणि कामकाजावर ३ रुपये खर्च धरल्यास १ रुपया उरतो. त्यातील १० रुपयांचे कर्ज अनुत्पादक झाले, तर ८० पैसे व्याज बुडते आणि १० टक्के तरतुदीपोटी १ रुपया बाजूला काढावा लागतो; नफ्याच्या जागी ८० पैशांचा तोटा. फरक जितका बारीक, तितकी थकबाकी सोसण्याची ताकद कमी.

उस्मानाबादच्या (आताचे धाराशिव) वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये, म्हणजे दर तळाला असताना, रद्द केला. पुरेसे भांडवल व कमाईची शक्यता नसणे ही त्याची कारणे होती. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख झाल्याने या बँकेचे ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदार पूर्ण रकमेस पात्र ठरले.