कब्बन पार्क आणि कलम ३७७

बंगळूरचे कब्बन पार्क १८७० साली आखले गेले. भारतीय दंडविधान त्यापूर्वी आठ वर्षे, १८६२ च्या जानेवारीत, अमलात आले होते. सायंकाळी या उद्यानात फिरावयास जाणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना या दोहोंतील संबंध सहसा जाणवत नाही. परंतु ज्यांना घरी मन मोकळे करता येत नसे, अशा समलिंगी पुरुषांची एकमेकांशी ओळख याच झाडांखाली होई. आणि पोलिसांचा जाचही त्यांना येथेच सोसावा लागे. पीयूसीएलच्या कर्नाटक शाखेने २००१ साली या जाचाचा अहवालच प्रसिद्ध केला.

कलम ३७७ मध्ये ‘समलिंगी’ हा शब्दही नव्हता. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंध, एवढीच त्याची भाषा. कायद्याने कृत्य पाहिले, माणूस पाहिला नाही. आपली ओळख या माणसांनी स्वतःच घडविली. १९९४ मध्ये बंगळुरात ‘गुड ॲज यू’ हे मंडळ निघाले आणि उद्यानातील चोरट्या भेटींच्या जोडीला दर आठवड्याची बैठक आली. २००८ च्या जूनमध्ये हीच माणसे मिरवणुकीने रस्त्यावर उतरली.

दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलेला दिलासा २०१३ मध्ये हिरावला गेला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध या कलमातून मुक्त केले. इतिहासाने यांची क्षमा मागावयास हवी, असा अभिप्राय न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी नोंदविला. परंतु इतिहास स्वतः सही करीत नाही. कलम कागदावरून माणसापर्यंत पोहोचविणारे हात कचेऱ्यांतलेच असतात. म्हणून ती क्षमा कोणी मागावयाची, हा प्रश्न आपल्या टेबलापाशीही येऊन थांबतो.