आग्रा रस्ता : एका मार्गनामाचा विचार

निजामपुरा हा भिवंडी शहराचा जुना भाग होय. याच शहरातून गेलेल्या जुन्या हमरस्त्याला लोकव्यवहारात ‘आग्रा रोड’ म्हणतात. ‘निजाम’ आणि ‘आग्रा’ ही नावे अशी शेजारी आल्यामुळे, मोगल राजधानीला कोकणच्या समुद्राशी जोडण्यासाठीच हा मार्ग निघाला असावा, असे अनुमान होणे स्वाभाविक आहे. ते मात्र टिकत नाही.

प्रथम ‘निजाम’ हे पद घेऊ. हैदराबादच्या निजामाची सत्ता उत्तर कोकणात कधीच नव्हती. १६३६ पर्यंत हा प्रदेश अहमदनगरच्या निजामशाहीत होता; पुढे तो विजापूरकडे गेला आणि १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. तेव्हा हे नाव निजामशाहीचे स्मारक मानणे अधिक सयुक्तिक ठरते. त्यातून मोगल राजमार्ग सिद्ध होत नाही.

आता ‘आग्रा’ पाहू. मोगलांचा अंमल भिवंडीवर मधूनमधून आला, हे खरे. परंतु त्यांच्या साम्राज्याचे समुद्रद्वार सुरत हे होते. आग्र्याचा व्यापार बुऱ्हाणपूरमार्गे तेथे उतरे. थळ घाटाची वाट प्राचीन असली, तरी ती मुख्यतः सोपारा-कल्याण या बंदरांना नाशिकशी जोडणारी होती. मुंबई हे इंग्रजांचे प्रमुख बंदर झाल्यावरच आग्र्यापर्यंतच्या सलग रस्त्याला प्रयोजन लाभले. १८३६ पासून १८५८ पर्यंत आग्रा हे इंग्रजांच्या वायव्य प्रांताचे मुख्य ठाणे होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. वाट जुनी, पण नाव एकोणिसाव्या शतकातील राज्यव्यवस्थेचे, असा निष्कर्ष यावरून निघतो.

१८५४ मध्ये लोहमार्ग ठाण्याहून कल्याणला पोहोचला आणि भिवंडी बाजूला राहिली. तथापि रस्त्याचे महत्त्व संपले नाही. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडील विणकर कुटुंबे मालेगाव व भिवंडी येथे स्थिरावली. ही दोन्ही गावे याच मार्गावर आहेत, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

मार्गनामाची घडणही अर्थपूर्ण आहे. मुंबईच्या बाजूस हा ‘आग्रा रोड’. मुंबईतील त्याच्या भागाला पुढे लालबहादूर शास्त्री मार्ग हे नाव मिळाले. वाटेच्या मध्यावरील इंदूरमध्ये मात्र तो ‘ए. बी. रोड’, म्हणजे आग्रा-बॉम्बे रोड, होतो. टोकाचा मनुष्य रस्त्याला समोरच्या टोकाचे नाव देतो. मधला मनुष्य दोन्ही टोके सांगतो.

साडेअकराशे किलोमीटरांहून लांब असा हा मार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ होता. २०१० च्या पुनर्क्रमांकनात तो अनेक क्रमांकांत विभागला गेला. कागदोपत्री तुटलेला हा रस्ता लोकांच्या बोलीत अद्याप अखंड आहे. स्थलनामे इतिहासाचे साधन आहेत. परंतु ती कोणत्या काळाची साक्ष देतात हे आधी तपासल्याविना त्यांची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.