जुन्या विटांची घाऊक खरेदी : भाव कसा करावा?



लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची घरे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची आहेत. मुले मोठी होतात, आई-बाबा भारतातून चार-सहा महिने राहायला येऊ लागतात आणि मागच्या बाजूला एक खोली वाढवायचा विषय घरात निघतो. इंग्लंडमध्ये प्लॅनिंगचा वेगळा अर्ज न करता, म्हणजे परमिटेड डेव्हलपमेंटखाली, अशी खोली बांधायची तर बाहेरून दिसणारे साहित्य मूळ घराशी मिळतेजुळते असावे अशी अट असते. मग जुन्या, पिवळसर 'लंडन स्टॉक' विटांचा शोध सुरू होतो.

आम्हीही ह्या वाटेने गेलो आणि पहिल्या खेपेस चांगलेच पोळलो. फोनवर सर्वांत कमी भाव सांगणाऱ्याकडून एक हजार विटा मागवल्या. त्यांतला जवळजवळ पाव माल अद्धे आणि तुकडे निघाला. विटा कमी पडल्या, गवंडी दोन दिवस बसून राहिला आणि त्याची मजुरी आम्हाला द्यावीच लागली. घाईने दुसरीकडून आणलेल्या विटांचा रंग जुळला नाही. ती दुरंगी भिंत आता वेलीने झाकली आहे! पुढे बागेची भिंत बांधताना मात्र नीट हिशेब करून खरेदी केली. त्यातून शिकलो ते एवढेच : भाव यार्डात पडलेल्या विटेचा करायचा नाही, भिंतीत बसणाऱ्या विटेचा करायचा.

१. आधी भिंत मोजा

आजच्या मापाची वीट २१५ × १०२.५ × ६५ मिलिमीटर असते. १० मिलिमीटरची दरज धरली तर एकेरी भिंतीला चौरस मीटरमागे ६० विटा लागतात. नव्या खोलीची भिंत बहुधा दुहेरी, मध्ये पोकळी असलेली असते. तिच्या आतल्या बाजूस साधे ब्लॉक चालतात, म्हणजे जुन्या विटा फक्त बाहेरच्या थरापुरत्या घ्याव्या लागतात. खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ वजा करा आणि तूटफूट म्हणून १० टक्के जास्त धरा.

जुन्या विटांची मापे मात्र एकसारखी नसतात. आजच्या विटेचे चार थर दरजांसकट ३०० मिलिमीटर भरतात. तुमच्या घराच्या भिंतीवर टेप लावून चार थर मोजा. तोच आकडा घेऊन यार्डात जा.

आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. व्हिक्टोरियन घरांत पुष्कळदा 'फ्लेमिश बाँड' असतो, म्हणजे एकाच थरात एक वीट लांबीने आणि पुढची आडवी. नव्या एकेरी थरात तसा देखावा करायचा तर आडव्या विटेच्या जागी अद्धाच बसतो. तुमची भिंत अशी असेल तर चांगले अद्धे मुद्दाम स्वस्तात मागा. यार्डवाल्याला ते नकोसे असतात आणि तुम्हाला हवे असतात.

२. माल पाहून, वाजवून घ्या

गावाकडे आजोबा विटा घेताना दोन विटा एकमेकींवर वाजवून पाहत. ती परीक्षा इथेही तितकीच खरी. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली. बद्द आवाज आला, किंवा किल्लीने सहज खरवडली गेली, तर वीट कच्ची. पूर्वी अशा मऊ विटा घराच्या आतल्या भिंतींना वापरत. त्या बाहेर लावल्या तर पाणी शोषतात आणि थंडीत ते गोठले की विटेचे पापुद्रे सुटतात.

विटांना चिकटलेला मसालाही पाहा. चुन्याचा मसाला छिन्नीने सहज निघतो. सिमेंटचा निघत नाही, काढायला गेले तर वीटच फुटते. चिमणीच्या, काजळी धरलेल्या विटा टाळा. त्यांचे डाग पुढे गिलाव्यातूनही वर येतात. चट्ट्याच्या दर्शनी विटांवर विसंबू नका. मधल्या आणि तळाच्या काही विटा काढून दाखवायला सांगा.

३. खरा भाव काढा

समजा, 'अ' यार्ड साफ केलेली, निवडलेली वीट १ पौंड २० पेन्सला देतो. हजार विटा आणि ६० पौंड वाहतूक मिळून १२६० पौंड. त्यांतल्या ९५० कामी आल्या तर एक वीट सुमारे १ पौंड ३३ पेन्सला पडली.

'ब' यार्ड तशीच, न निवडलेली वीट ९० पेन्सला देतो. ९०० पौंड, वाहतूक १२०, सफाईची मजुरी १५०, एकूण ११७० पौंड. पण कामी आल्या ७५० च, म्हणजे वीट १ पौंड ५६ पेन्सला पडली! आकडे उदाहरणादाखल आहेत, पण आमचे नेमके असेच झाले होते.

सांगितलेल्या भावात २० टक्के व्हॅट धरला आहे का, हे पहिल्याच फोनवर विचारा. वजनही लक्षात घ्या. हजार विटा म्हणजे साधारण अडीच टन, त्यामुळे जवळचा यार्ड थोडा महाग असला तरी परवडू शकतो. क्रेनची लॉरी आहे का, माल आवारात उतरवणार की रस्त्याच्या कडेला, हेही विचारा. रस्त्यावर साहित्य ठेवायला कौन्सिलचे लायसन्स लागते.

४. भाव कशाने उतरतो?

तुळशीबागेत निम्मी किंमत सांगून चार पावले पुढे गेलो की मागून हाक येते. इथे बहुधा येत नाही. समोरच्याची अडचण सोडवली तर मात्र भाव उतरतो. त्याच्या अडचणी साधारण अशा :

• जागा : चट्ट्यातला शेवटचा माल पूर्ण उचलतो म्हटले तर त्याची जागा मोकळी होते.
• हंगाम : कडाक्याच्या थंडीत विटकाम थांबते आणि गिऱ्हाईक कमी होते. माल हिवाळ्यात घेऊन झाकून ठेवावा.
• फेरी : तुमच्या भागात त्याची लॉरी येणारच असेल त्या दिवशी माल घ्या. शेजाऱ्यांनाही विटा हव्या असतील तर एकत्र मागवा.
• विल्हेवाट : जवळ एखादे घर पाडत असतील तर ठेकेदाराला थेट विचारा. राडारोडा टाकायला त्याला पैसे मोजावे लागतात. ठरल्या दिवशी, त्याचे काम न अडवता, तुम्ही विटा नेणार असाल तर तो स्वस्तात देतो. निवडणे आणि साफ करणे मात्र तुमच्याकडे.

दोन-तीन ठिकाणचे भाव लिहून न्या आणि सरळ विचारा : "मला अमुक इतक्या अखंड विटा अमुक तारखेला घरपोच हव्यात. सगळे धरून तुमचा शेवटचा भाव काय?" भाव उतरत नसेल तर वाहतूक किंवा शंभर विटा वर मागा. ते मिळणे पुष्कळदा सोपे जाते.

५. इसार देण्यापूर्वी कागदावर घ्या

अखंड विटांची संख्या (किती पॅलेट, एवढेच नव्हे), अद्ध्यांचे प्रमाण, सगळा माल एकाच ठिकाणचा असल्याचा उल्लेख, व्हॅट, तारीख आणि उरलेली पूर्ण पॅलेट परत घेणार का, हे सगळे लिहून घ्या. पसंत केलेल्या चट्ट्याचा फोटो काढा आणि चार विटा नमुना म्हणून घरी नेऊन भिंतीशी लावून पाहा, तेही विटा ओल्या करून. ओल्या विटेचा रंग वेगळा दिसतो.

"रोख द्या, बिल नको" ह्या मोहात पडू नका. व्यापाऱ्याकडून घेतलेला माल वर्णनाप्रमाणे असलाच पाहिजे, असे २०१५ चा कन्झ्युमर राइट्स ॲक्ट सांगतो. हे जुन्या मालालाही लागू आहे, पण हातात बिलच नसेल तर भांडायचे कशाच्या जोरावर? माल कुठून आला हेही विचारा. फारच स्वस्त मिळणारा जुना माल कधी कधी चोरीचा असतो.

शेवटी, विटा उतरवताना घरी थांबा आणि मोजून घ्या. आम्ही पहिल्या वेळी ऑफिसात होतो. त्या दिवसाची रजा वाचली, पण ती आम्हाला फार महाग पडली.

आपल्यापैकी कोणी असे काम काढणार असेल, तर आमची मोजमापाची वही पाहायला जरूर या. वेलीमागची भिंतही दाखवू!