चकाकत्या बटणांचा काळ

जानेवारी २००० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात स्टीव्ह जॉब्स यांनी ‘अ‍ॅक्वा’ हे ॲपलच्या मॅक संगणकाचे नवे रूप दाखवले. १९९८ च्या आयमॅकचे अर्धपारदर्शक रंगीत प्लास्टिक जणू पडद्यावर वितळून उतरले होते. बटणे पाहताच चाटावीशी वाटावीत, असा हेतू असल्याचे जॉब्स यांनीच सांगितले. पुढे २००७ च्या विंडोज व्हिस्टाने ‘एअरो’मध्ये खिडक्यांच्या कडांना धुरकट काच बसवली.

संकेतस्थळांनी ही चकाकी लगेच उचलली, पण ती आणणे मोठे कष्टाचे होते. ब्राउझरला तेव्हा गोल कोपरा काढता येत नसे, उतरती रंगछटाही नाही. म्हणून बटण फोटोशॉपमध्ये रंगवले जाई. आधी गडद निळ्याकडून फिक्याकडे जाणारी छटा, वरच्या अर्ध्या भागावर पांढरा अर्धपारदर्शक लंबगोल आणि तळाशी हलका उजेड, म्हणजे प्रकाश काचेतून आरपार गेल्यासारखा वाटे. मग त्याचे तीन तुकडे होत: दोन टोके आणि मधली एक पिक्सेल रुंदीची पट्टी. ही पट्टी ब्राउझर हवी तितकी शेजारी शेजारी मांडी. डग्लस बोमन यांनी २००३ मध्ये ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब-नियतकालिकात मांडलेल्या ‘स्लायडिंग डोअर्स’ युक्तीत सरकत्या दारांसारखी दोन चित्रे एकमेकांवर येत आणि शब्द लांबला की बटणही लांबे. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ मात्र पीएनजी चित्रांची अर्धपारदर्शकता दाखवत नसे. नाजूक सावलीच्या जागी करडा डाग उमटे. मराठी शब्द हवा असेल तर तो बहुधा चित्रातच लिहावा लागे, कारण समोरच्या संगणकावर देवनागरी नीट दिसेल याचा भरवसा नव्हता.

२०१२ चे विंडोज ८ आणि २०१३ चे आयओएस ७ यांनी सगळे सपाट केले. नेमक्या त्याच सुमारास ब्राउझरना गोल कोपरे आणि छटा स्वतःच काढता येऊ लागल्या होत्या. हत्यार हाती आले आणि काम संपले, ही खरोखर हळहळ वाटावी अशी गोष्ट.

या चकाकत्या शैलीला २०१७ मध्ये ‘फ्रुटिगर एअरो’ हे नाव मिळाले. पहिला शब्द स्विस अक्षररचनाकार एड्रियन फ्रुटिगर यांच्यावरून, दुसरा विंडोजच्या ‘एअरो’वरून. २००९ मध्ये जिओसिटीज ही संकेतस्थळसेवा बंद झाल्यावर हरवलेल्या घरगुती पानांसारखी पाने २०१३ पासून निओसिटीजवर पुन्हा उभी राहू लागली, आणि तिथेच ही चकाकीही परतली. आता तेच बटण पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस भाषेच्या पाच-सहा ओळींत होते: एक छटा, एक गोलाई, आतल्या बाजूने पांढरी सावली. शब्द चित्रात कोंडलेला नसल्याने तो मोठा करता येतो, दृष्टिहीनांचे वाचनयंत्रही तो बोलून दाखवते. या बाबतीत नवे बटण जुन्यापेक्षा निश्चितच सरस आहे.

आज चूक होते ती काच जास्त पारदर्शक केल्याने. मागचे चित्र अक्षरांतून डोकावते आणि वाचणे अवघड होते; २०२५ मध्ये ॲपलने ‘लिक्विड ग्लास’ हे नवे रूप आणल्यावर हीच तक्रार झाली. जुन्या काचेत रंग भरपूर असे, प्रकाश नेहमी वरून पडे, आणि अक्षर त्या रंगावर ठसठशीत उभे राही.