प्रेग्नन्सी टेस्ट कधी करायची? फिकट रेघ आली तर काय समजायचं?

पाळीची तारीख उलटून दोन दिवस झालेले असतात. मेडिकलमधून आणलेल्या किटवर एकच रेघ दिसते. 'चला, काही नाही' म्हणत किट कचऱ्यात जातं. दहा दिवसांनंतरही पाळी येत नाही. पुन्हा टेस्ट केली जाते आणि यावेळी दोन रेघा उमटतात.

मग पहिलं किट खराब होतं का? बहुतेक वेळा नाही. किट जे शोधत होतं, ते त्या दिवशी लघवीत पुरेसं उतरलेलंच नव्हतं.

मराठीत गरोदर राहण्याला 'दिवस जाणं' म्हणतात. प्रेग्नन्सी टेस्टचं गणितही दिवसांचंच आहे. टेस्ट कोणत्या दिवशी केली, हे माहीत नसेल तर रेघांचा अर्थ नीट लागत नाही. आणि चुकीच्या अर्थामुळे जे दिवस हातचे जातात, त्यांची किंमत पुढे मोजावी लागू शकते.

किट नेमकं काय शोधतं?

किट बाळ शोधत नाही. ते एक हार्मोन शोधतं. त्याचं नाव ह्युमन कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन, म्हणजेच एचसीजी.

स्त्रीबीज फलित झालं की लगेच हे हार्मोन शरीरात पसरत नाही. फलित बीज आधी गर्भपिशवीपर्यंत पोहोचतं आणि तिच्या अस्तरात रुजतं. बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून याला साधारण ६ ते १२ दिवस लागतात. रुजल्यानंतर पुढे ज्या पेशींपासून वार तयार होते, त्या पेशी एचसीजी सोडू लागतात. ते आधी रक्तात येतं, मग लघवीत.

सुरुवातीच्या आठवड्यांत एचसीजीचं प्रमाण दर दोन ते तीन दिवसांनी जवळपास दुप्पट होतं. त्यामुळे आज निगेटिव्ह आलेली टेस्ट तीन-चार दिवसांनी पॉझिटिव्ह येऊ शकते.

रेघ कशी उमटते?

कोव्हिडच्या काळात घरोघरी वापरलेलं रॅपिड अँटिजेन किट आठवतंय? तंत्र तेच आहे.

किटच्या आत एक पट्टी असते. तिच्यात रंगीत कण चिकटवलेल्या अँटिबॉडी असतात. लघवी पट्टीवरून पुढे सरकताना त्यात एचसीजी असेल तर या अँटिबॉडी त्याला धरून ठेवतात. पुढे 'टी' या ठिकाणी दुसऱ्या अँटिबॉडी एचसीजीला अडवतात. तिथे रंग जमा होतो आणि रेघ दिसते.

'सी' म्हणजे कंट्रोल. एचसीजी असो वा नसो, ही रेघ यायलाच हवी. लघवी पट्टीवर शेवटपर्यंत पोहोचली आणि किट चालू आहे, एवढंच ती सांगते.

टेस्ट कधी करायची?

• पाळी नियमित असेल तर: पाळीची तारीख चुकल्यावर. आठवडाभर थांबता आलं तर निकाल जास्त भरवशाचा.

• पाळी अनियमित असेल किंवा पीसीओडी असेल तर: तारीख चुकली की नाही हेच कळत नाही. अशा वेळी शेवटच्या असुरक्षित संबंधांपासून २१ दिवस मोजून टेस्ट करावी.

• इमर्जन्सी गर्भनिरोधक गोळी घेतली असेल तर: या गोळीमुळे पाळी पुढे-मागे होऊ शकते. पण गोळीमुळे टेस्टचा निकाल बदलत नाही. इथेही २१ दिवसांचा हिशोब धरावा.

• बाळ अंगावर पीत असेल तर: बाळंतपणानंतर पाळी सुरू होण्याआधीही दिवस जाऊ शकतात. त्यामुळे 'अजून पाळीच आली नाही' म्हणून शंका झटकून टाकू नये.

टेस्ट कशी करायची?

भारतात मिळणारं बहुतेक किट म्हणजे एक छोटं कार्ड आणि त्यासोबत ड्रॉपर.

१. पाकिटावरची एक्स्पायरी तारीख पाहा. पाकीट आधीच फोडून ठेवू नका. ओलाव्यामुळे पट्टी खराब होते.

२. शक्यतो सकाळची पहिली लघवी घ्या. रात्रभर साठल्यामुळे तिच्यात हार्मोनचं प्रमाण जास्त असतं. भरपूर पाणी पिऊन केलेल्या टेस्टमध्ये, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत, निकाल निगेटिव्ह येऊ शकतो.

३. लघवी स्वच्छ, कोरड्या भांड्यात घ्या. भांड्याला साबण राहिलेला नसावा.

४. कार्ड सपाट जागेवर ठेवा. 'एस' लिहिलेल्या खळग्यात पत्रकात सांगितलेले तेवढेच थेंब टाका.

५. पत्रकात दिलेल्या वेळेला निकाल वाचा. बहुतेक किटमध्ये ही वेळ पाच मिनिटांची असते. खूप उशिरा पाहिलेला निकाल धरू नये.

रेघांचा अर्थ काय?

'सी' आणि 'टी' दोन्ही रेघा: पॉझिटिव्ह.

फक्त 'सी': या क्षणी निगेटिव्ह. पाळी आली नाही तर तीन दिवस ते आठवड्याने पुन्हा टेस्ट करा. दुसऱ्यांदाही निगेटिव्ह आली आणि पाळी आली नाही, तर डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, पीसीओडी, ताण, वजनात अचानक झालेला बदल, अशा कारणांनीही पाळी लांबते.

फक्त 'टी' किंवा एकही रेघ नाही: टेस्ट बाद. नवं किट वापरा.

'टी'ची रेघ फिकट: सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. दिलेल्या वेळेत फिकट का होईना, पण रंगीत रेघ आली असेल तर ती पॉझिटिव्हच समजतात. गर्भधारणा अगदी सुरुवातीची असेल तर रेघ फिकट येते. मात्र वेळ उलटून गेल्यावर, लघवी वाळल्यानंतर दिसणारी राखाडी, रंगहीन खूण वेगळी. ती निकाल नाही. शंका असेल तर दोन दिवसांनी सकाळी पुन्हा टेस्ट करा.

रेघ किती गडद आहे यावरून किती महिने झाले, जुळं आहे का, हे कळत नाही. मुलगा की मुलगी हे तर मुळीच नाही. गर्भलिंग निदान करणं आणि करायला लावणं, दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पॉझिटिव्ह निकाल चुकू शकतो का?

निगेटिव्ह निकाल चुकणं जास्त घडतं. पॉझिटिव्ह निकाल फसवा निघणं तुलनेने दुर्मिळ आहे, पण त्याची काही कारणं आहेत.

नुकतंच बाळंतपण, गर्भपात किंवा मिसकॅरेज झालं असेल तर एचसीजी शरीरातून जायला काही आठवडे लागतात. वंध्यत्वावरच्या उपचारांत एचसीजीचं इंजेक्शन दिलं असेल, तर तेच हार्मोन किटला सापडतं. काही आजारांतही ते वाढतं.

कधी कधी टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि काही दिवसांतच पाळीसारखा रक्तस्राव होतो. बीज रुजलेलं असतं, पण पुढे वाढत नाही. याला केमिकल प्रेग्नन्सी म्हणतात. यात किटची चूक नसते आणि त्या बाईचीही नसते.

अँटिबायोटिक, तापाच्या वा वेदनाशामक गोळ्या आणि रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या यांचा निकालावर परिणाम होत नाही.

साखर, मीठ, टूथपेस्टची टेस्ट खरी असते का?

लघवीत साखर टाकली आणि गुठळ्या झाल्या, टूथपेस्टला फेस आला की गरोदर, असे व्हिडिओ भरपूर फिरतात. यातला एकही पदार्थ एचसीजी ओळखत नाही. टूथपेस्टला फेस लघवीतल्या आम्लामुळे येतो आणि तो पुरुषाच्या लघवीनेही येईल.

किट महाग वाटत असेल किंवा मेडिकलमध्ये मागायला संकोच वाटत असेल, तर आशा ताईंना विचारता येतं. सरकारी योजनेतून 'निश्चय' नावाची किट त्यांच्यामार्फत मोफत दिली जातात. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि सरकारी रुग्णालयांतही तपासणी होते.

पॉझिटिव्ह आली. पुढे काय?

इथे एक गोष्ट अनेकींना माहीत नसते. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, संबंध आले त्या दिवसापासून नाही. २८ दिवसांची पाळी असेल तर तारीख चुकते त्याच दिवशी चार आठवडे पूर्ण झालेले असतात. म्हणजे 'आत्ता तर कळलं' म्हणेपर्यंत एक महिना हिशोबात गेलेला असतो.

दिवस गेलेत का, हे किट सांगतं. गर्भ कुठे रुजलाय, हे सांगत नाही. शंभरात साधारण एक ते दोन गर्भधारणा गर्भपिशवीबाहेर, बहुतेक वेळा गर्भनलिकेत राहतात. किटवर तेव्हाही दोन रेघाच दिसतात. अशी गर्भधारणा पुढे वाढू शकत नाही, आणि नलिका फाटली तर पोटात रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकतं. टेस्ट पॉझिटिव्ह असताना पोटात एका बाजूला तीव्र दुखणं, रक्तस्राव, चक्कर किंवा खांद्याच्या टोकाला दुखणं, यांपैकी काही झालं तर वाट न पाहता रुग्णालय गाठावं. गरज पडल्यास १०८ वर अँब्युलन्स बोलवावी.

मूल हवं असेल तर पहिल्या १२ आठवड्यांत नोंदणी आणि पहिली तपासणी व्हायला हवी. डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक अॅसिड सुरू करावं. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा यांची जडणघडण अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत होते. आधीपासून कोणती औषधं चालू असतील तर ती डॉक्टरांना दाखवावीत, पण परस्पर बंद करू नयेत. दारू आणि तंबाखू मात्र लगेच थांबवावी. घरातली मिश्रीही त्यात आली.

मूल नको असेल तर दिवस आणखी महत्त्वाचे ठरतात. भारतात गर्भपात कायदेशीर आहे, मात्र कायद्यात दिलेल्या कारणांसाठी, नोंदणीकृत डॉक्टरांकडून आणि मान्यताप्राप्त ठिकाणी. गर्भनिरोधक साधन निकामी ठरणं हेही त्यातलं एक कारण आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत काही ठरावीक परिस्थितींतच परवानगी मिळते आणि दोन डॉक्टरांचं मत लागतं. गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतर मेडिकल बोर्ड निर्णय देतं. ही चौकट २०२१ च्या दुरुस्तीने आली. अविवाहित महिलांनाही २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीतून वगळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

१८ वर्षांवरील महिलेची स्वतःची संमती पुरेशी असते. नवऱ्याची किंवा सासरच्यांची सही कायद्याने लागत नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. १८ वर्षांखालील मुलीसाठी पालकांची लेखी संमती लागते.

गोळ्यांनी होणारा गर्भपात ९ आठवड्यांपर्यंत करता येतो, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेण्यात मोठा धोका आहे. गर्भ पिशवीबाहेर असेल तर या गोळ्या उपयोगी पडत नाहीत आणि रक्तस्राव सुरू झाला म्हणून 'काम झालं' असा समज होतो. गर्भपातानंतर काही आठवडे किटवर दोन रेघा दिसू शकतात, त्यामुळे गर्भपात पूर्ण झाला की नाही हे लगेच केलेल्या साध्या टेस्टवरून ठरवता येत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी पुन्हा तपासणीला जावंच लागतं.

डॉक्टरांकडे जाताना काय लिहून न्यावं?

शेवटची पाळी कोणत्या दिवशी सुरू झाली, पाळी साधारण किती दिवसांनी येते, टेस्ट कोणत्या तारखेला केली आणि काय निकाल आला. शिवाय चालू असलेली औषधं. डॉक्टर सर्वात आधी हेच विचारतात. गरज वाटली तर ते रक्तातली बीटा एचसीजी तपासणी आणि सोनोग्राफी सांगतात. सोनोग्राफीत साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात हृदयाचे ठोके दिसू लागतात. त्याआधी ते दिसले नाहीत तर लगेच घाबरून जाऊ नये. तारखेचा अंदाज आठवड्याने चुकलेला असू शकतो, म्हणून अनेकदा काही दिवसांनी पुन्हा बोलावलं जातं.

म्हणूनच पाळीची तारीख दर महिन्याला कॅलेंडरवर किंवा मोबाइलमध्ये टिपून ठेवण्याची सवय उपयोगाची ठरते. किट कोणत्याही मेडिकलमध्ये मिळतं, पण ही तारीख आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे नसते.