गिल-ए-हिकमत: भट्टीच्या दाराची माती

उर्दूत एक जुना शब्दप्रयोग आहे, 'गिल-ए-हिकमत'. गिल हा फारसी शब्द, अर्थ माती. हिकमत हा अरबी, अर्थ शहाणपण. हकिमाच्या विद्येलाही हिकमतच म्हणतात. युनानी हकीम कुश्ता म्हणजे भस्म तयार करताना औषध मातीच्या भांड्यात ठेवून वर झाकण लावतात आणि सांध्यावर चिखलात भिजवलेले कापड गुंडाळून ते वाळवतात. मग भांडे गोवऱ्यांच्या आगीत जाते. या लेपाला गिल-ए-हिकमत म्हणतात. आपले वैद्यही हेच करतात, ते त्याला कपडमाती म्हणतात. भिंतीला आपण जो गिलावा देतो, त्यातही हीच 'गिल' आहे.

वर्गात हा शब्द शिकवताना मला स्वयंपाकघराचे उदाहरण सोपे पडते. बिर्याणी दमावर ठेवताना देगेच्या झाकणाला भिजवलेल्या कणकेची पट्टी लावतात. दम म्हणजे श्वास. वाफ आत कोंडली की तांदूळ तिच्यातच शिजतो. कुठे फट राहिली तर वाफ निघून जाते आणि तळ लागतो. देग उघडताना ती कणीक करपून फुटते, ती कोणी जपून ठेवत नाही. पुढच्या वेळी नवी लावायची.

थंड देशांत अनेक घरांत लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी असते. तिच्या दाराच्या कडेने एक दोर बसवलेला असतो. पूर्वी तो अ‍ॅस्बेस्टॉसचा असे. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोग होतो हे सिद्ध झाल्यावर काचतंतूंचा दोर आला. शेगडीत हवा ठरलेल्या झडपेतूनच गेली पाहिजे. दोर झिजला की दाराच्या फटीतून जास्तीची हवा शिरते, लाकूड भराभर जळते आणि आग हाताबाहेर जाते. पारख सोपी आहे: थंड शेगडीच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचे. पट्टी सहज ओढून निघाली तर तिथे दोर गेला समजावे. मग खाचेतला जुना दोर आणि डिंक खरवडून काढायचा, उष्णता सोसणारा लेप भरायचा, त्याच जाडीचा नवा दोर न ताणता बसवायचा आणि लेप वाळेपर्यंत दार बंद ठेवायचे. शेगडी फार जुनी असेल तर दोर अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो. तो कोरडा खरवडू नये, जाणकाराकडून काढून घ्यावा.

हे सगळे सांगायचे कारण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात आहे. इथे लाकडी कोळशावर चालणाऱ्या भट्ट्या होत्या, त्यांना दार होते आणि त्या दाराची बंदिस्ती प्रत्येक वेळी नवी करावी लागे. त्या भट्ट्यांतून लोखंड निघत असे.

विदर्भात हे काम फार जुने आहे. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंड इथे १९७८ ते १९८० च्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा. भट्टीच्या वळणदार विटा, मातीच्या नळ्या आणि मळी असे सगळे तिथे मिळाले. जुन्या चांदा जिल्ह्यातही लोहारा, देऊळगाव, सुरजागड अशा ठिकाणी खनिज होते. तिकडच्या गावांत छोट्या भट्ट्यांवर लोखंड काढण्याचे काम एकोणिसाव्या शतकातही चालत असे. (गडचिरोली तेव्हा चांद्यातच होते, वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी.)

मध्य भारतातल्या अशा भट्टीची रीत साधारण एकच. मातीची, माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी धुराडीसारखी भट्टी. वरून कोळसा आणि फोडलेले खनिज आळीपाळीने टाकायचे. खाली समोर एक तोंड. त्या तोंडात मातीची नळी बसवून तिला भाते जोडायचे आणि नळीच्या भोवतालची सगळी जागा ओल्या मातीने लिंपून घट्ट करायची. मग कित्येक तास भाते चालवायचे.

या लिंपणावर सगळे अवलंबून असे. लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. एवढी उष्णता या भट्टीत होत नाही, आणि तिची गरजही नाही. साधारण १२०० अंशांना कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातला प्राणवायू ओढून घेतो, मळी वितळून खाली उतरते आणि लोखंडाचा स्पंजासारखा गोळा तयार होतो. हवा नळीतूनच गेली तर हे जमते. तोंडाच्या लिंपणाला तडा गेला तर खालचा वायू बिघडतो, उष्णता उतरते आणि तयार होत आलेले लोखंड पुन्हा जळून मळीत जाते. दिवसभराचे भाते आणि टोपल्याच्या टोपल्या कोळसा वाया. काम संपले की तेच लिंपण फोडून तापलेला गोळा बाहेर ओढायचा, घणाने ठोकून उरलेली मळी काढायची. पुढच्या वेळी तोंड पुन्हा लिंपायचे. माती कोणती, किती मळायची, किती वाळू द्यायची, हे कुठे लिहिलेले नव्हते. ते हाताला ठाऊक होते.

व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली 'द अगारिया' या पुस्तकात मध्य भारतातल्या लोखंड गाळणाऱ्या आदिवासींची नोंद केली. त्यांच्या कथांत लोहासुर, कोयलासुर आणि अग्यासुर आहेत: लोखंड, कोळसा आणि आग. एल्विन पोहोचले तेव्हा हा धंदा मोडत आला होता.

तो का मोडला? भट्टी वाईट होती म्हणून नव्हे. एकीकडे रेल्वेने विलायती लोखंड स्वस्तात आले. दुसरीकडे १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगल सरकारी झाले आणि राखीव जंगलात परवानगीवाचून कोळसा पाडणे गुन्हा ठरला. कोळसा गेला की भट्टी गेली, भट्टीबरोबर तिचे दार लिंपणारा हात गेला.

त्याच काळात मोठ्या उद्योगाचेही लक्ष चांद्याकडे होते. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा चांद्याच्या लोहखनिजावरचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. जवळच वरोऱ्याला दगडी कोळसा होता. त्यांनी तो जर्मनीत तपासून घेतला, पण पोलादाच्या कामाला तो योग्य ठरला नाही. पुढे १९०७ साली टाटांची कंपनी निघाली, पण तिचा कारखाना उभा राहिला तो साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. आज सुरजागडचे खनिज ट्रकांनी बाहेर जाते, आणि त्याच डोंगरांच्या भागातल्या माणसांना आपण सहज 'मागास' म्हणून मोकळे होतो. मला हा शब्द खटकतो. हकिमाने मडक्याचा सांधा लिंपला तर ती हिकमत, आणि जंगलातल्या माणसाने भट्टीचे तोंड लिंपले तर तो अडाणीपणा, हा न्याय कुठला?

उर्दूतला हुनर मराठीत हुन्नर होऊन राहिला. शब्द आपण जपला, हुन्नर असणारी माणसे जपली नाहीत. आपल्या समाजातल्या कल्हईवाल्यांचे आणि विणकरांचे हाल पाहिलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. गावाबाहेर काळे, जड, फेसासारखी छिद्रे असलेले दगड दिसले तर ती जुन्या भट्टीची मळी असू शकते. ते उचलून नेऊ नका, जागा लिहून ठेवा, फोटो काढा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांच्या आजोबांकडून काही ऐकले आहे का, तोंडाला माती कुठली लावत. सांगतील ते त्यांच्याच बोलीत, गोंडीत किंवा माडियात, लिहून घ्या. ही माणसे फार दिवस राहणार नाहीत.